महिन्याला तेल किती येतं तुमच्याकडे?

डिसेंबर २०२४ मध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा कागद हातात आला. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, सोनोग्राफीत यकृतावर चरबी, ग्रेड १. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७६.४ किलो. खाली शिक्का: ‘फिजिशियनचा सल्ला घ्यावा.’ वय ४४, डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास, घरात चार मोठी माणसं. वजन उतरवायला पुढच्या वर्षभरात काय केलं, कुठे फसलं, किती रांगा आणि किती पैसे लागले ते क्रमाने लिहिते आहे. असाच कागद ज्यांच्या हातात आहे त्यांना निदान कुठल्या खिडकीपासून सुरुवात करायची ते कळावं.

६ जानेवारी, सोमवार. महापालिकेचं रुग्णालय. केस पेपरची खिडकी आठला उघडते. पावणेआठला पोचूनही पुढे चाळीसेक माणसं होती. केस पेपर १० रुपये. मेडिसिन ओपीडीत ६३ नंबर, आत जायला ११ वाजून २० मिनिटं. डॉक्टरांसमोर मिळतात चार मिनिटं. बाहेरची गर्दी बघता त्यात त्यांचा दोष नाही, पण ती चार मिनिटं आठवण्यात घालवू नयेत. घरूनच एका कागदावर लिहून न्यावं: गेल्या पाच वर्षांत वजन कधी किती होतं, घरात मधुमेह कुणाला, झोप किती तास, घोरणं आहे का, पाळी नियमित आहे का. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत.

पाकिटांचा उपयोग लगेच झाला. अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन चौदा महिने चालू होती. या गोळीने भूक आणि वजन वाढू शकतं. न्यूरॉलॉजीकडे चिठ्ठी मिळाली आणि फेब्रुवारीत गोळी बदलली. अशी औषधं बरीच आहेत: स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, मानसोपचारातली ओलान्झापीन आणि मिर्टाझापीन. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. ‘या गोळीने वजन वाढतं का, दुसरी चालेल का’ एवढं विचारायचं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण गोळी देणारा एक आणि वजन बघणारा दुसरा.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, ३.१ म्हणजे नॉर्मल आली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी आधीच ‘थायरॉइड असेल’ असं निदान करून ठेवलं होतं, ते बाद झालं. थायरॉइड खरोखर कमी असला तरी त्यामुळे वाढणारं वजन सहसा दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असतं, आणि त्यातलं पुष्कळसं मीठ-पाण्याचं. वीस किलोंचा हिशेब त्याच्यावर ढकलता येत नाही.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायचा तर वजन भागिले उंचीचा वर्ग, उंची मीटरमध्ये. इथे ३१.४. ओपीडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात ‘जास्त वजन’ २५ पासून लिहिलं होतं, पण भारतीयांसाठी २००९ पासून २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. यामागचं एक उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता कंबर मोजायची. पँट किंवा परकर जिथे बांधतो तिथे नाही. बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० ही सीमा. त्याहून सोपं म्हणजे उंचीच्या निम्मं. निम्मं म्हणजे ७८. टेप ९८ दाखवत होती.

आहारतज्ज्ञांची ओपीडी बुधवारी आणि शुक्रवारी. तारीख मिळाली २९ जानेवारीची, म्हणजे तीन आठवडे थांबणं. या मधल्या काळात डिजिटल काटा घेतला, ९५० रुपये. तो सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला की चुकतो. कडक लादीवर ठेवायचा आणि त्याची जागा बदलायची नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज बघितलं तरी चालेल, पण वहीत सात दिवसांची सरासरीच लिहायची. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं किंवा पाळी जवळ आली की काटा किलोभर वर जातो. ती चरबी नसते, पाणी असतं. उलटही तेवढंच खरं. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत दीड किलो उतरलं की फार हुरळू नये. शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी होतं तेव्हा त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं.

२९ तारखेला आदल्या दिवसभराचं खाणं विचारून झालं आणि छापील कागद मिळाला. त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, उकडलेल्या भाज्या, दुपारी सॅलड. हा कागद अकरा दिवस टिकला. कारण साधं आहे: सकाळी सहाला तीन डबे भरणारी आणि वजन कमी करणारी व्यक्ती एकच असेल, तर तिच्यासाठी वेगळी भाजी कोण करणार? दोन प्रकारचा स्वयंपाक घरात चालत नाही. बाराव्या दिवशी उकडलेला दुधी डब्यात तसाच परत आला, आणि घरी आल्यावर तो टाकवेना म्हणून पोळीच्या जोडीला खाल्लाच.

पुढची तारीख २६ फेब्रुवारी. त्या दिवशी महाशिवरात्र, ओपीडी बंद, अर्धी रजा फुकट. तारीख घेताना सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून घ्या. खिडकीवरचा माणूस फक्त चार आठवडे मोजतो. शुक्रवारी, २८ ला, परत. या वेळी दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “महिन्याला तेल किती येतं तुमच्याकडे?”

पाच लिटरचा एक कॅन आणि वर एकेक लिटरच्या दोन पिशव्या. म्हणजे सात लिटर. लिटरच्या पिशवीवर वजन ९१० ग्रॅम छापलेलं असतं; सात लिटर म्हणजे ६,३७० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस: माणशी दिवसाला ५३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. जादा २६ ग्रॅम गुणिले ९, म्हणजे रोज २३४ कॅलरी, फक्त तेलाच्या. तळणीचं टाकून दिलेलं तेल वजा केलं तरी आकडा फारसा खाली येत नाही. साखरेचंही तसंच: महिन्याला पाच किलो, माणशी ४२ ग्रॅम, मार्गदर्शिकेत दिवसाला २५ च्या आत. शेंगदाण्याचं कूट तर कुणी खाण्यात धरतच नाही, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आमच्या प्रत्येक भाजीत मूठभर कूट असतं.

‘काल काय खाल्लं’ या प्रश्नाला माणूस नकळत कमी सांगतो. किराण्याची यादी तसं करत नाही.

१ मार्चपासून तेलाच्या कॅनवर मार्करने तारीख घातली. किटलीतून धार सोडायची पद्धत बंद. ५ मिलिचा चमचा किटलीलाच दोऱ्याने बांधला. पहिल्या आठवड्यात मोजलं तर चार माणसांच्या भाजीच्या फोडणीला ५० मिलि पडत होतं. एकदम २० वर आणलं आणि घरात बंड झालं. “अगं, तर्री कुठाय? ही काय आजाऱ्याची आमटी?” सासूबाईंचं म्हणणं चूक नव्हतं, मोहरी जिरं तडतडायला आणि मसाला परतायला तेल लागतं, ते निम्म्याहून खाली एका दिवसात आणलं तर मसाला कच्चा लागतो, करपतो. मग दर पंधरा दिवसांनी एक चमचा कमी, असं चाललं. कांदा-टोमॅटो परतताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवायचं, कांदा खाली लागत नाही. कढई जाड बुडाची हवी. मेअखेर महिन्याचं तेल साडेचार लिटरवर आलं, म्हणजे माणशी ३४ ग्रॅम. २७ कधीच गाठलं नाही. पण फरक चौघांच्याही ताटात पडला आणि वेगळी भाजी करावी लागली नाही.

याच काळात चौदा दिवस आणखी एक नोंद ठेवली: जेवण झाल्यावर ओट्याशी उभ्याने काय खाल्लं. चौदापैकी नऊ दिवस काहीतरी होतं. उरलेली दीड पोळी, कूकरच्या तळाचा भात, मुलाने ठेवलेली भाजी. अन्न टाकायचं नाही हा संस्कार आणि शेवटी जेवायची पद्धत, दोन्हींचं वजन एकाच माणसावर चढतं. यावर ‘मन घट्ट करा’ हा उपाय नाही. कणीक भिजवायच्या आधी प्रत्येकाला किती पोळ्या ते विचारायचं, मोजून कणीक घ्यायची (एका पोळीला साधारण ३० ग्रॅम), आणि उरलेलं लगेच डब्यात बंद करून फ्रिजमध्ये. सकाळी त्याची फोडणीची पोळी करताना पुन्हा तीन चमचे तेल पडतं, हेही ध्यानात असू द्या. ताकात कुस्करून खाल्ली तर तेवढं वाचतं.

चालण्याचा प्रश्न वेळेचा होता, आणि वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. संध्याकाळी सव्वासातला घरी येणाऱ्या बाईला ‘अर्धा तास चाला’ सांगणं सोपं आहे. तो अर्धा तास त्या २८९ मधून काढून कुणीतरी उचलावा लागतो. आमच्याकडे वाटाघाटी होऊन संध्याकाळचा कूकर आणि कणीक नवऱ्याकडे गेली, भाजी आदल्या रात्री मुलगा चिरून ठेवू लागला. पहिले तीन आठवडे कणकेत पाणी जास्त पडत होतं. पोळ्या वाकड्या झाल्या तरी कुणाचं वजन वाढत नाही.

तरीही वेगळं ‘वॉकला जाणं’ जमलं नाही. जमलं ते स्टेशनपर्यंत चालणं. घर ते स्टेशन १.३ किलोमीटर, आधी शेअर रिक्षाने. चालत १७ मिनिटं. जाऊन-येऊन पाच दिवस म्हणजे आठवड्याला १७० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा १५० ची आहे. वर रिक्षाचे रोज ३० रुपये वाचले. यात फसलं ते चपलेमुळे. पातळ तळव्याच्या सपाट चपलेने रोज अडीच किलोमीटर आणि वर वाढलेलं वजन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखं व्हायला लागलं. तीन आठवडे चालणं बंद, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम, गार पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणं, आणि २,२०० रुपयांचे बूट. ते बूट मार्चमध्येच घ्यायला हवे होते.

ऑफिसमध्ये ११ आणि ४ चा चहा, बिस्किटं, आणि विभागात ३४ माणसं. वाढदिवस, बढती, मुलीचं लग्न, नवी गाडी. आठवड्यातून दोनदा समोसे ठरलेले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून २००७ मध्ये निघालं की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर त्याचीही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. हे एकमेकांमुळेच होतं का, यावर पुढे बरेच आक्षेप आले. पण समोशाच्या ताटाभोवती उभं राहिलेल्याला हे कसं घडतं ते समजावून सांगावं लागत नाही. एक अनुभवाचा सल्ला: डाएट जाहीर करू नका. जाहीर केलं की प्रत्येक जण एकतर आग्रह करतो किंवा पहारा देतो. ‘आज ॲसिडिटी आहे’ म्हटलं की सगळे समजून घेतात. मशीनच्या चहात साखर आधीच असते, ती कमी करता येत नाही. खालच्या टपरीवर ‘कटिंग, साखर कमी’ मिळतो. चार कप गुणिले दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर होती. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी केली तर जीभ तक्रार करत नाही.

७ एप्रिलला मेडिसिन ओपीडीत फेरतपासणी. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच करावी, आधी केली तर जुनीच साखर मोजली जाते. वजन ७३.८, एचबीएवनसी ५.९. वजन कमी करणारं मौंजारो हे इंजेक्शन मार्चमध्येच भारतात आलं होतं आणि प्रतीक्षालयात दुसरा विषय नव्हता. सुरुवातीची किंमत २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीला ३,५०० रुपये, ५ मिलिग्रॅमला ४,३७५, आठवड्याला एक. बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार, अशांसाठी ते आहे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की उतार चालू आहे तोवर थांबू; आणि ते सुरू केलं तर बंद केल्यावर वजन बरंचसं परत येतं, म्हणून खर्च वर्षांच्या हिशेबाने धरायचा. ज्यांना लागतं त्यांनी घेण्यात कमीपणा काही नाही.

मग वजन अडलं. २० एप्रिल ७२.९, १८ मे ७३.१, १५ जून ७२.८. आठ आठवडे. शरीर हलकं झालं की तेवढ्याच कामाला कमी ऊर्जा लागते, हे एक कारण. दुसरी दोन वहीत सापडली. आमरसात साखर घालायची सवय, आणि झोप. मार्चपासून स्वयंपाकघराचं गणित बदललं तरी रात्री फोन चालूच होता. झोप साडेपाच तास. शिकागोत ८० जणांवर झालेला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे: रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांची झोप साधारण सव्वा तासाने वाढवली, तर आहाराचं काहीही न सांगता त्यांचं खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी उतरलं. आम्ही चार्जर बाहेरच्या खोलीत लावला. जेवण सव्वादहावरून साडेआठला आणलं, तेही शक्य झालं कूकर आधीच लागलेला असायचा म्हणून. झोप पावणेसात तासांपर्यंत गेली. जूनअखेर काटा पुन्हा हलला.

उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, म्हणून आहारतज्ज्ञांनी प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅम सांगितली होती. शाकाहारी घरात ती आपोआप होत नाहीत. ३० ग्रॅम कोरड्या मुगात सात ग्रॅम, वाटीभर दह्यात पाचेक, ५० ग्रॅम सोयाच्या वड्यांत २६. वरणाचं पाणी पिऊन भागत नाही. उसळ घट्ट आणि वाटीभर हवी. सोबत आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहाचे तीन सेट. जुलैत रस्त्यात गुडघाभर पाणी असताना चालणं बंद पडलं, तेव्हा ही उठ-बस आणि ऑफिसचे चार मजले एवढंच चालू राहिलं.

२५ जुलैला श्रावण लागला. उपवासाने वजन कमी होतं हा समज साबुदाण्याने मोडतो. एका माणसाच्या भरल्या ताटलीत १०० ग्रॅम साबुदाणा (३५० कॅलरी), ४० ग्रॅम कूट (सव्वादोनशे), दोन चमचे तूप (९०), वर बटाटा; सातशेच्या पुढे, आणि प्रथिनं जेमतेम दाण्यांची. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, दोन तासांत पुन्हा भूक. सोमवारी वरई आणि दाण्याची पातळ आमटी, सोबत ताक, असं केलं. वरईतही कॅलरी तेवढ्याच असतात, पण ५० ग्रॅम वरई शिजून भरपूर फुगते. गौरी-गणपतीत मात्र वहीच उघडली नाही. २७ ऑगस्टपासून बारा दिवसांत १.१ किलो वर. मोदकाला नको म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. चूक मोदकांची कमी, त्या दिवसांत रोज दोन घरी आरतीनंतर मिळणाऱ्या तळलेल्या प्रसादाची जास्त. सप्टेंबरअखेर ते उतरलं. दिवाळीचा फराळ तीन घरांनी मिळून एकदाच केला, तळणीचं तेल एकदाच लागलं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला डबा लहान आला.

१२ डिसेंबर २०२५: वजन ६९.१, कंबर ९०, एचबीएवनसी ५.७, ट्रायग्लिसराइड १५८. बीएमआय २८.४, म्हणजे भारतीय तक्त्यात अजून लठ्ठच. कंबर निम्म्या उंचीहून १२ सेंटिमीटर जास्त. यकृताची सोनोग्राफी पुढच्या वर्षी. एकूण खर्च: सहा केस पेपरचे ६०, रुग्णालयात न झालेल्या तपासण्या बाहेर केल्या त्यांचे १,८५०, काटा, बूट, आणि साडेचार रजा. तेल-साखरेत आणि रिक्षात वाचले ते याहून जास्त भरतील.

पुढची तारीख १३ मार्च २०२६, शुक्रवार. सुट्टी नाही, बघून घेतलं आहे. जुने केस पेपर एकाला एक टाचून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. एकदा हरवला होता. खिडकीवर नवीन नोंद झाली आणि आधीच्या तीन महिन्यांची वजनं डॉक्टरांपुढे नव्हतीच. तेव्हापासून प्रत्येक भेटीनंतर बाहेर येताच फोनवर फोटो.